अजून किती दिवस?



परीक्षा संपत आल्या की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "आई, अजून किती दिवस?" कुणी मामाकडे जाणार असते, कुणी गोव्याला, कुणी वेलंकनीला. रेल्वेचे आरक्षण हल्ली ६० दिवस आधी सुरू होते. तिकीट हाती आले की मोठ्यांना हायसे वाटते. पण ज्या बाळाला 'काल' आणि 'उद्या' यांतला फरकही अजून नीट कळत नाही, त्याने ६० दिवस कसे मोजावेत? मग ते रोज विचारते आणि आपण वैतागतो.

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांचा सांभाळ करीत. नाताळ कधी येणार, असे मुले त्यांना सारखी विचारीत, असे सांगतात. १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर रविवारसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या व रोज एक पेटवली. आगमनकाळात आपल्या वेदीजवळ असणारे चार मेणबत्त्यांचे चक्र त्यातूनच पुढे आले. मुलांना गप्प बसवण्याऐवजी त्यांनी दिवस डोळ्यांना दिसतील असे केले.

आपल्यालाही हे जमेल. घोटीव कागदाच्या किंवा जुन्या लग्नपत्रिकांच्या नऊ पट्ट्या कापाव्यात, मुलांनी त्या खळीने चिकटवून साखळी करावी आणि रोज सायंप्रार्थनेनंतर एक कडी काढावी. नऊच का? लहानग्याला तेवढ्याच झेपतात. आणि नऊ दिवसांची नोव्हेना तर आपल्या ओळखीचीच आहे. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र मरिया आणि प्रेषित एकत्र प्रार्थना करीत पवित्र आत्म्याची वाट पाहत होते. प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला मुलाने एक चित्र काढावे: ज्यांना भेटायचे ते आजी-आजोबा, आगगाडी, समुद्र. त्या दिवशी त्या चित्रासाठी देवाचे आभार मानावेत.

संत आगस्तीन यांनी 'कबुलीजबाब' या ग्रंथात काळाचा खोल विचार केला आहे. भविष्य अजून आलेले नसते, ते आपल्या मनात 'वाट पाहणे' या रूपानेच असते, असे ते सांगतात. म्हणजे वाट पाहायला शिकणे म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवायला शिकणे. आपण त्यालाच आशा म्हणतो.

म्हणूनच इथे आई-वडिलांची मोठी जबाबदारी आहे. "मस्ती केलीस तर जायचे नाही," असा धाक या साखळीवरून घालू नये. कधी रजा नामंजूर होते, कधी घरात आजारपण येते. तेव्हा साखळी गुपचूप उतरवून ठेवू नये. मुलाला जवळ घेऊन खरे सांगावे आणि नव्याने कड्या जोडाव्यात. देव शब्द पाळतो, हे मूल आधी आई-बाबांच्या शब्दावरून शिकते.

आणखी दोघांची आठवण ठेवू या. शेजारच्या घरी कदाचित यंदा कुठेच जायचे नसेल. बाबा बोटीवर असतील किंवा पैशांची ओढाताण असेल. त्या मुलालाही साखळी करायला बोलवावे. त्याच्या कड्या बाबांच्या परतण्याच्या असोत, नाहीतर आपल्या अंगणात एकत्र जेवण्याच्या दिवसाच्या असोत. आणि आपण सारे बाहेरगावी गेलो की घरात मागे राहतात ते आजोबा. शेजारीण डबा देईल, पण त्यांचे दिवस कोण मोजणार? निघण्याआधी नातवंडांनी दुसरी एक साखळी करून त्यांच्या खाटेजवळ टांगावी. आपण परत येईपर्यंत ते रोज एक कडी काढतील, आणि रात्री फोनवर नातवंड विचारील, "आजोबा, आज किती उरल्या?"

नाझरेथचे पवित्र कुटुंबही दरवर्षी वल्हांडण सणासाठी यरुशलेमला जात असे, आणि त्या सणापासून ५० दिवस मोजण्याची आज्ञा त्यांच्या धर्मशास्त्रात होती. ९०व्या स्तोत्राचा कर्ता देवाकडे जास्त दिवस मागत नाही. आपले दिवस मोजायला शिकव, म्हणजे आम्हांला शहाणपण येईल, एवढेच तो मागतो. आपल्याही कड्या रोज एकेक कमी होत आहेत. शेवटची कडी निघेल तेव्हा पिता दारात उभा असेल, हा आपला विश्वास आहे.

या सुट्टीत आपल्या घराघरांत ही आशा रुजो, आणि प्रवासाला निघणाऱ्यांना व मागे राहणाऱ्यांना प्रभू आशीर्वाद देवो. आमेन.