पुराचा गूळ

पंचगंगेच्या काठाला एक गुऱ्हाळ होतं, तीन पिढ्यांचं. ऊस घरचा, चरक घरचा आणि गुळव्याही घरचाच. त्याला सगळे आबा म्हणत. काहिलीत रस तापला की आबा भेंडीचं पाणी सोडायचे, वर आलेली मळी काढायचे आणि मग फेसाकडे बघत उभे राहायचे. पाक आला हे त्यांना फेसावरूनच कळायचं. तरी पाण्यात गोळी टाकून बघितल्याशिवाय काहील कधी उतरली नाही.

गुळाच्या रव्यावर घराच्या नावाची चिठ्ठी असायची. ती बघून शाहू मार्केट यार्डात गुजरातचे व्यापारी थांबायचे, रवा टोकरून चाखायचे आणि मगच बोली लावायचे.

2019 च्या ऑगस्टात पूर आला. ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली राहिला. पाणी ओसरलं तेव्हा पानापानावर गाळ बसला होता, कांड्यांना पांगशा फुटल्या होत्या.

हंगामाचं पहिलं आधण काढलं. पाक धरता धरेना. रवा काळपट झाला, बोटानं दाबला तर दबला, चवीला खारट लागला.

मुलगा म्हणाला, "आबा, हायड्रोसची पावडर टाकूया. पिवळाधमक दिसेल."

"आणि पावसाळ्यात?"

पावसाळ्यात काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. पावडरीचा रंग उतरतो, गूळ काळा पडतो, पाझरायला लागतो.

"तोवर विकलेला असेल की," मुलगा म्हणाला.

नातू चिपाडं पसरत होता. शेतकी शिकून तो फ्रान्समध्ये, बोर्डोजवळच्या एका घराच्या द्राक्षमळ्यात हंगामभर राबून आला होता. तो म्हणाला, "आबा, तिथं लाल वाइनच्या बाटलीवर घराचं नाव असतं आणि द्राक्षं कुठल्या सालची तेही. 2013 ला थंडीपावसानं त्यांचा फुलोरा गळला. वाइन पातळ झाली. तरी बाटलीवर 2013 च आहे."

"मग ती कोण घेतं?"

"घेतात, स्वस्तात. आणि जी अगदीच मनासारखी उतरत नाही, ती घरच्या दुसऱ्या नावानं विकतात."

आबा बराच वेळ चुलवाणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जो पाक धरत नाही त्याची काकवी करा. धरेल त्याचे रवे पाडा. चिठ्ठीवर नावाखाली लिहा, पुराचा ऊस."

अडत्या हसला. "आबा, आपल्याच मालाला कोण नावं ठेवतं का?"

भाव पडला तो पडलाच. चरकाची दुरुस्ती राहिली. नदीवरच्या मोटारीचा हप्ता थकला आणि सुनेच्या पाटल्या गहाण गेल्या. सून काही बोलली नाही, पण त्या वर्षी आबा जेवताना तिच्या हातांकडे बघायचे नाहीत.

पुढच्या वर्षी ऊस चांगला आला. पाडव्याच्या सौद्याला रवे मांडले. एक जुना व्यापारी पुढं आला, त्यानं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "आबा, यंदा कसा आहे?"

"यंदा चांगला आहे."

व्यापाऱ्यानं टोकरायची सळई खिशातच ठेवली आणि बोली लावली.

चांगला म्हणायला बाजारात कोणाला पैसे पडत नाहीत, म्हणून त्या शब्दावर कोणी विसंबत नाही. आबांनी त्याची किंमत आदल्या वर्षीच मोजली होती, आणि ती एकट्यानं नाही, सगळ्या घरानं.

त्या बोलीनं आदल्या वर्षीची तूट काही भरून निघाली नाही. पाटल्या सुटायला आणखी दोन हंगाम लागले. हायड्रोस टाकला असता तर त्या गहाण गेल्याच नसत्या, असं मुलगा अजूनही म्हणतो. आबा त्यावर वाद घालत नाहीत.