चुलीचा परवाना

हैदराबादला कोठीच्या चौकातून काचीगुड्याकडं किंवा गौलीगुड्याकडं निघालं की स्वस्त लॉजच्या पाट्या दिसायला लागतात. आत काउंटरमागच्या भिंतीवर नियमांचा फलक असतो. ओळखपत्र दाखवा, चोवीस तासांचा हिशोब, किमती वस्तूंची जबाबदारी आमची नाही, आणि खोलीत स्वयंपाक करू नये. पहिले तीन नियम मोडले तर मॅनेजर कुरकुरतो, चौथा मोडला तर सामान बाहेर काढतो. कारण विचारलं तर तो आगीचं सांगेल, फोडणीच्या वासाचं सांगेल, मोरीत तुंबलेल्या भाताचं सांगेल. तिन्ही खरी आहेत. त्यांच्या मागं आणखी एक असावं असं मला वाटतं: खोलीत भात शिजवणारा माणूस लवकर हलत नाही. झोपायला आलेला सकाळी जातो. चूल मांडली की त्याचं बिऱ्हाड होतं, आणि बिऱ्हाड उठवणं सोपं नसतं.

तुर्कस्तानच्या दक्षिण आणि नैऋत्य किनाऱ्यावर मात्र नेमका हाच नियम उलटा करून एक अख्खा धंदा उभा आहे. अलान्या, मार्मारिस, बोदरुम या गावांत समुद्रापासून दोन-तीन गल्ल्या मागं सरकलेल्या इमारतींवर ‘अपार्ट ओतेल’ अशी पाटी असते. खोलीतल्या एका भिंतीला ओटा, त्यावर दोन शेगड्या, खाली बुटका फ्रीज, कपाटात मोजक्या ताटल्या, एक पातेलं आणि हमखास बोथट सुरी. नाश्ता नाही, रोज चादर बदलणं नाही, भांडी ज्याची त्यानं घासायची. ब्रिटन-जर्मनीतली बेताच्या कमाईची कुटुंबं तिथं आठवडा-दोन आठवडे राहतात. स्वस्ताईचं गणित सरळ आहे. हॉटेलात ज्या कामाचे पैसे मोजावे लागतात, ते काम पाहुण्यानं आपल्या अंगावर घेतलं. पण एवढ्यानं कोडं सुटत नाही. वर्षभर पैसे साठवायचे, हजारो किलोमीटर उडून जायचं आणि निळ्या समुद्राकडं पाठ करून अंडी उकडायची, याला नुसती काटकसर म्हणता येत नाही. बुफेच्या रांगेतला माणूस कितीही पैसे मोजो, तो दुसऱ्याच्या वेळेला दुसऱ्याच्या मिठाचं जेवतो. शेगडी पेटवणारा पाहुणा त्या गावात अर्धा का होईना, गृहस्थ होतो. बाजारात टोमॅटो निवडतो, पाव कुठं ताजा मिळतो याची चौकशी करतो आणि तिसऱ्या दिवशी दुकानदार त्याला ओळखायला लागतो.

भारताची जनगणना या बाबतीत मोठी शहाणी आहे. तिथं कुटुंबाची व्याख्या रक्ताच्या नात्यावर बेतलेली नाही. एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. एका छपराखाली दोन भाऊ असले आणि त्यांच्या चुली वेगळ्या असल्या तर प्रगणक दोन कुटुंबं लिहून घेतो. खेड्यातल्या कोणत्याही म्हातारीनं याहून वेगळं सांगितलं नसतं. मग कोठीतल्या त्या फलकाचा अर्थ उलगडतो. लॉजवाला तुम्हाला छप्पर देतो, पलंग देतो, गरम पाणीही देतो. कुटुंब होण्याचा परवाना तेवढा तो राखून ठेवतो.

मुक्कामाच्या जागेचा हा प्रश्न जुना आहे आणि गंमत अशी की त्याची काही चांगली उत्तरं त्याच तुर्कस्तानात मिळतात. अलान्याहून पश्चिमेला थोड्या अंतरावर अलारा हान नावाची दगडी कारवानसराई आहे. सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादनं ती तेराव्या शतकात बांधली. त्याचीच 1229 सालची अक्सरायजवळची सुलतान हान तर किल्ल्यासारखी आहे: चौकात मशीद, कडेनं खोल्या, हमामखाना, जनावरांसाठी प्रचंड दालन. या सरायांचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून भागे आणि वाटसरूला साधारण तीन दिवस फुकट राहता येई. कायसेरीजवळच्या काराताय हानच्या वक्फनाम्यात तर येणाऱ्या प्रत्येकाला सारखंच जेवण द्यावं असं लिहून ठेवलं आहे, मग तो मुसलमान असो वा नसो, स्वतंत्र असो वा गुलाम. ज्यानं हे कलम घातलं त्यानं माणसाच्या पोटाचा नीट विचार केला होता.

तीन दिवसांची मर्यादा आपल्या धर्मशाळांनाही अनोळखी नाही. कितीतरी धर्मशाळांच्या दारावर ती आजही रंगवलेली दिसते. इस्लामी परंपरेत पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा मानला आहे. आपल्याकडं तो आकडा कुठून आला याचा शोध घेण्याची मला फारशी गरज वाटत नाही. पाहुणा आणि घरातला माणूस यांच्यामधली भिंत साधारण तिसऱ्या दिवशी पातळ व्हायला लागते, हे कोणत्याही यजमानाला विचारावं.

फरक पडतो तो शिजवण्यापाशी. आपल्याकडं वाटसरू आपली चूल बरोबर घेऊन हिंडायचा. बदरी-केदारच्या पायी वाटेवर चट्ट्या असत. तिथला दुकानदार रात्रीच्या निवाऱ्याचं भाडं घेत नसे, स्वयंपाकाला भांडीही देई. अट एकच, पीठ, डाळ, तूप, लाकूड त्याच्याकडूनच घ्यायचं. अपार्ट ओतेलचा हा बरोब्बर उलटा हिशोब. तिथं खोलीचे पैसे, शिधा कुठूनही आणा. चट्टीवर शिध्याचे पैसे, खोली कितीही वेळ पाठीखाली घ्या. मला चट्टीवाला जास्त धूर्त वाटतो. रिकाम्या खोलीत माणूस फारसा रमत नाही, भूक मात्र रोज दोनदा लागते हे त्यानं ओळखलं होतं.

पण हातानं करून खाण्याची ही रीत नुसती सोयीपोटी आलेली नव्हती, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दुसऱ्याच्या हातचं चालत नाही म्हणून प्रवासातही पळी-पातेलं बरोबर असे. शेरशहाच्या सरायांचं वर्णन करताना इतिहासकार अब्बास खान सरवानी सांगतो, की हिंदू आणि मुसलमानांसाठी वेगळ्या जागा होत्या आणि हिंदूंच्या पाण्या-जेवणासाठी ब्राह्मण नेमलेले होते. ही व्यवस्था प्रेमळ दिसते खरी, पण तिच्या पोटात एक प्रश्न आहे: ज्याला कुणाच्याच चुलीजवळ जागा नाही, त्यानं कुठं उतरायचं? 1917 साली परदेशातलं शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर हजर झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. दुसरा पाहुणाच नव्हता. त्या ओस इमारतीतल्या एकटेपणाविषयी त्यांनी स्वतः लिहिलं आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि बाबासाहेबांना बाहेर पडावं लागलं. गाडगेबाबांनी स्वतःला झोपडी न बांधता गावोगावी धर्मशाळा का बांधल्या, हे या प्रसंगाशेजारी ठेवून वाचावं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढं बाबासाहेबांच्याच संस्थेच्या स्वाधीन केली. गाडगेबाबांच्या नावानं दादरला चाललेली धर्मशाळा आज कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते.

हैदराबादकडं वळू. सतराव्या शतकात इथं आलेला फ्रेंच जवाहीर-व्यापारी तावेर्निए लिहितो, की नदीपलीकडच्या उपनगरात दोन-तीन सुंदर मशिदी परक्यांसाठी सराईसारख्या वापरात होत्या. व्यापारी, दलाल, कारागीर त्या काठाला आणि मानकरी शहरात, अशी वाटणी त्यानं पाहिली. परका माणूस मुसीच्या पलीकडं, हा या शहराचा जुना शिरस्ता दिसतो. कोठीही चारमिनारच्या जुन्या शहरापासून मुसीच्या पलीकडंच आहे, आणि जिच्यावरून या भागाला कोठी म्हणतात ती इमारत एका परक्याच्याच मुक्कामाची आहे.

ब्रिटिश रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक यानं जागा मागितली तेव्हाचा एक किस्सा सांगतात. त्यानं निजामाला भला मोठा नकाशा पाठवला, निजामानं साफ नकार दिला. मग कुणीतरी सुचवलं म्हणून तोच आराखडा छोट्याशा कागदावर काढून पाठवला आणि लगेच मंजुरी आली. राज्याच्या नकाशाएवढा कागद पाहून निजामाला वाटलं होतं की हा राज्यच मागतोय! किस्सा रचलेला असला तरी निजामाची पहिली शंका चुकीची नव्हती. 1803 च्या सुमाराला काम सुरू झालं. सॅम्युएल रसेल या लष्करी अभियंत्याच्या हातून उंच खांबांची, सिंहांचा पहारा असलेली ही वास्तू उभी राहिली आणि खर्च निजामाच्या तिजोरीतून गेला. कर्कपॅट्रिक हैदराबादी पोशाख करी, हुक्का ओढी, फारसी बोले. खैरुन्निसाशी त्यानं निकाह लावला, तिच्यासाठी आवारात रंगमहाल बांधला. 1805 साली तो वारला. पाहुणा मनानं यजमान झाल्याचं हे एक उदाहरण. त्याच्यानंतरच्या रेसिडेंटांनी मात्र दुसऱ्याच अर्थानं बिऱ्हाड मांडलं. भोवतीच्या बाजारात कायदा त्यांचा, कोतवाली त्यांची, कर त्यांचा. निजामाच्या राज्यात निजामाची सत्ता जिथं चालत नाही असा एक तुकडा तयार झाला. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी माणसं घेऊन या कोठीवर चाल केली, पण पाहुणा हलला नाही. भोवतीचा रेसिडेन्सी बाजार निजामाला परत मिळाला तो 1933 साली आणि त्याचा सुलतान बाजार झाला. इमारत रिकामी व्हायला 1947 उजाडावं लागलं. पुढं तिथं उस्मानिया विद्यापीठाचं मुलींचं कॉलेज आलं. धर्मशाळेच्या पाटीवरचे तीन दिवस या मुक्कामाला कुणी लावायला हवे होते.

पण परक्याच्या त्या चुलीच्या उबेला आणखी काहींनी आपल्या चुली मांडल्या, हेही खरं. निजामाच्या हद्दीत सभा-संस्थांवर जी बंधनं होती ती रेसिडेन्सीच्या हद्दीत सैल होती. गुजराती, मारवाडी पेढ्या तिथं आल्या, आर्य समाज सुलतान बाजारात आला. मराठी वकील-शिक्षकांनी केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीत या परिसरात जीव ओतला. जांबागेतली विवेकवर्धिनी, इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय ही त्या वस्तीची घट्ट खूण. 1956 पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांची राजधानी हैदराबादच होती. मनमाडहून येणारी मीटरगेजची गाडी काचीगुड्याला उतरवायची. कॉलेजला आलेला पोरगा, हायकोर्टात तारीख असलेला पाटील, नोकरीच्या अर्जामागं फिरणारा कारकून असे सगळे कोठीच्या आसपास एखाद्या ओळखीच्या घरी किंवा भाड्याच्या खोलीत यायचे. स्टोव्ह, दोन भांडी आणि गावाकडून आलेलं ज्वारीचं पीठ, एवढ्यावर वर्ष निघायचं.

1 नोव्हेंबर 1956 ला सरहद्द बदलली, वाट बदलली नाही. देगलूर, उदगीर, नांदेडची माणसं अजून हैदराबादला येतात, पण आता बहुतेक दवाखान्यासाठी. अफजलगंजला मुसीकाठी व्हिन्सेंट एशनं आखलेलं उस्मानिया इस्पितळ, कोठीत कान-नाक-घशाचं, सुलतान बाजारात बाळंतपणाचं, आणि पुढं खासगी इस्पितळांची रांग. पेशंट आत आणि त्याच्यासोबतची दोन-तीन माणसं बाहेर. त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा असतो आणि दुसरा, “गॅस-भांडी मिळतीन का?” त्याचं उत्तर हो आलं तर भाड्यावर घासाघीस थांबते. कारण पेशंटला तिखट चालत नाही, हॉटेलच्या भातात सोडा असल्याचा संशय असतो, आणि रोज तीन वेळा बाहेर खाऊन पंधरा दिवसांत उसनवारी किती वाढेल ते सगळ्यांना ठाऊक असतं. भूमध्य किनाऱ्यावरच्या कुटुंबाची आणि या माणसांची गरज एका ओळीत मांडणं थोडं निर्दय आहे. एक मजेसाठी आलेलं, दुसरं धास्तीनं. तरी दोघांना हवी असलेली वस्तू तीच आहे: दार आतून लावून आपलं पातेलं चढवता येईल अशी खोली.

समुद्राकाठच्या त्या खोलीबद्दल एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. तिथं सुट्टी सगळ्यांना मिळते, ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला सोडून. जागा बदलली, भांडी परकी झाली, काम तेच. अमेरिकेत लेकाकडं राहून, मग सगळ्यांसोबत असल्या किचनवाल्या खोलीत ‘व्हेकेशन’ काढून आलेल्या आयांना विचारा, त्या हसून विषय बदलतात.

कोठीत मी याच्या उलट पाहतो. इथं बाईच पुष्कळदा आत खाटेवर असते. ओट्यापाशी तिचा नवरा असतो, नाहीतर दीर, नाहीतर मिसरूड फुटलेला मुलगा. शेतावर ज्यानं चहासुद्धा स्वतः केलेला नाही असा माणूस सुलतान बाजारातून मूगडाळ आणतो, निवडतो, कुकरच्या शिट्ट्या मोजतो, डबा भरून व्हिजिटिंगच्या वेळेला पळतो. सुरुवातीला खिचडी करपते, मग जमते. मधल्या काळात फोन कानाला लावून गावाकडं विचारणा चालू असते.

“माय, एका वाटीला पाणी किती टाकू?”

“तिच्यासाठी चार. तुझ्यासाठी दोन बस झाल्या.”