अंगठ्यामागे लपलेली पृथ्वी

आजचे वाचन : स्तोत्र ८, उत्पत्ती २:१५



स्तोत्र ८ मध्ये चंद्र आहे, तारे आहेत, पण सूर्याचं नाव नाही. म्हणून मला ते रात्रीचं स्तोत्र वाटतं. कळप बसलेला असावा, दावीद वर बघत असावा, आणि त्याच्या मनात तो प्रश्न आला असावा की ज्याच्या बोटांनी हे सगळं घडवलं, त्याने माणसाची आठवण तरी का ठेवावी?

दाविदाने खालून वर पाहिलं. डिसेंबर १९६८ मध्ये तीन माणसांनी पहिल्यांदा उलट बाजूने पाहिलं. फ्रँक बोरमन, जिम लॉवेल आणि बिल अँडर्स हे अपोलो ८ यानातून चंद्राभोवती फिरत होते. गेले होते चंद्राचे फोटो काढायला. खाली नुसती राखाडी, खड्ड्याखड्ड्यांची जमीन, रंगाचा पत्ता नाही. चौथ्या फेरीत चंद्राच्या कडेवरून काहीतरी निळं-पांढरं वर येताना दिसलं. ती आपली पृथ्वी! अँडर्सने घाईघाईने रंगीत फिल्म मागून घेतली आणि तो फोटो काढला. तुम्ही तो नक्की पाहिला असेल, शाळेच्या पुस्तकात नाहीतर कॅलेंडरवर. लॉवेलने नंतर सांगितलं की हाताचा अंगठा डोळ्यासमोर धरला की अख्खी पृथ्वी त्यामागे झाकली जायची. देवाच्या बोटांचं काम, आणि माणसाच्या एका अंगठ्यामागे मावलेलं!

त्याच रात्री तिघांनी आळीपाळीने उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली पहिली दहा वचने वाचली आणि ती रेडिओ-टीव्हीवरून जगाने ऐकली. अमेरिकेत नाताळची पूर्वसंध्या होती, आपल्याकडे नाताळची सकाळ झाली होती.

ही गोष्ट नाताळच्या उपासनेत पुष्कळ जण सांगतात. पुढची फारसं कोणी सांगत नाही. हाच लॉवेल एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चा कमांडर म्हणून निघाला. वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली. तिघांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला. ते होतं दोन माणसांसाठी, दोन दिवसांपुरतं. राहायचं होतं तिघांना, जवळजवळ चार दिवस. पाणी मोजून प्यायचं. थंडी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःच्याच श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड आत साठत चाललेला. तो शोषून घेणारे डबे मोठ्या यानात होते, पण ते चौकोनी, आणि इथली जागा गोल. शेवटी जमिनीवरच्या लोकांनी सांगितलं तसं प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी वापरून जोडणी केली, तेव्हा हवा शुद्ध झाली. १७ एप्रिलला ते सुखरूप समुद्रात उतरले. पाचच दिवसांनी, २२ एप्रिलला, पहिला वसुंधरा दिन पाळला गेला.

त्या यानात कोणी म्हटलं असतं का, की हवेचं काय ते दुसरे बघतील? आपलं यान मोठं आहे, एवढाच फरक. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ४२० च्या वर गेले आहेत, मुख्यतः आपण जाळलेल्या कोळशामुळे आणि तेलामुळे.

आता उत्पत्ती २:१५ कडे या. देवाने आदामाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. मूळ इब्री शब्द आहेत ‘आबाद’ आणि ‘शामार’. ‘आबाद’ म्हणजे काम करणे, सेवा करणे. हीच शब्दांची जोडी गणना ३ मध्ये लेव्यांसाठी येते, निवासमंडपाच्या सेवेसाठी आणि राखणीसाठी. म्हणजे बागेतलं काम हे मंदिरातल्या कामासारखंच! आणि ‘शामार’? काइनाने देवाला उलट विचारलं, मी काय भावाचा राखणदार आहे, तिथे हाच शब्द आहे. याजक दर रविवारी आपल्याला जो आशीर्वाद देतात, परमेश्वर तुझं संरक्षण करो, त्यातही हाच. देवाने आपल्याला जसं राखावं अशी आपली अपेक्षा असते, तसं आपण जमिनीला राखायचं आहे. स्तोत्र ८ मधल्या ‘अधिकारा’चा अर्थ याच्या बाहेर जाऊन लावता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आमच्या बायबल अभ्यासात एका ताईंनी विचारलं, “हे जग नाहीसंच व्हायचं आहे, नवी पृथ्वी येणार आहे, मग एवढी उठाठेव कशाला?” प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना एवढंच विचारलं की आपल्यालाही पुनरुत्थानात नवं शरीर मिळणार आहे, म्हणून आजारी आईचं औषध कोणी बंद करतं का? त्या हसल्या, मग बराच वेळ गप्प राहिल्या.

आपल्या भागात ऊस तुटला की पाचट पेटवतात. एका काडीत रान मोकळं होतं, हे खरं. पण तेच पाचट सरीत कुजू दिलं तर जमिनीला खत होतं, ओल टिकते. ज्यांची शेती आहे त्यांनी यंदा निदान एका वाफ्यात तरी करून बघा. आणि मंडळीच्या प्रीतिभोजनाला थर्माकोलची ताटं नकोत, आपली स्टीलची ताटं पुरेत. (घासायला पुरुषमंडळींनीही यावं, हेही इथेच लिहून ठेवतो.)

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांला श्वास दिलास आणि श्वास घ्यायला हवा दिलीस. ज्या मुलांना अजून बोलता येत नाही त्यांच्यासाठी ही हवा राखायला आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचे वाचन : गणना ६:२२–२७