पतंगाला धुरा नसतो

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारी राहत होती. तिची थोडी कोरडवाहू जमीन होती. तिच्या धुऱ्याला लागून एका तरण्या शेतकऱ्याचं वावर होतं. दोघंही पऱ्हाटीच, म्हणजे कापूसच, लावायचे.

ते २०१७ साल होतं. बोंडं भरून आली आणि विदर्भभर गुलाबी बोंडअळी उतरली. बीटी बियाण्याला ती जुमानेनाशी झाली होती. तरणा घाबरला. त्यानं उधारीवर औषध आणून फवारलं. अळी हटली नाही, तसं त्यानं आणखी जहाल औषध आणलं, मग दोन औषधं मिसळून मारली. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. एका दुपारी त्यालाही गरगरलं. म्हातारीनं त्याचा पंप उतरवला, भिजलेला सदरा काढला, अंग धुतलं आणि त्याला दवाखान्यात धाडलं. तो वाचला.

बरा होऊन तो वावरात आला, तेव्हा म्हातारीनं एक बोंड तोडून त्याच्या हातावर ठेवलं. बोंड हिरवंगार होतं. अळी आत शिरली ते छिद्र कधीच बुजलं होतं. त्यानं बोंड फोडलं. आतली ओली रुई डागाळली होती आणि पोखरलेल्या सरकीत गुलाबी अळी बसली होती.

"पाय बापू," म्हातारी म्हणाली, "फवारा पडते पानावर अन् हे बसली सरकीत. दहा पंप मार का शंभर मार, तुहा हात हिच्यापाशी पोचतच नाही."

"मंग करू का, आजी?"

"हे उघड्यावर कवा येते, ते पाय. तवाच धर."

डिसेंबर सरत आला. तरण्याच्या विहिरीला पाणी होतं. ओलीत करून फरदड घेतली असती तर चार पैसे आले असते. पण त्याच उभ्या पऱ्हाटीवर अळी पुढच्या हंगामापर्यंत जगली असती. त्यानं मन घट्ट केलं, वावरात शेळ्या सोडल्या आणि पऱ्हाटी उपटली. चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाट्यांतही अळी दडते, म्हणून पावसाळ्याआधीच त्यानं ढीग संपवला.

"माह्या वावरातली गेली," तो म्हणाला.

"पतंगाले धुरा कुठी कळते?" म्हातारी म्हणाली. मग दोघं घरोघर फिरले. काहींनी ऐकलं, काहींनी हसून वाटेला लावलं. पण ऐकणारे लागून लागून असलेल्या वावरांचे होते.

जूनमध्ये चांगला पाऊस पडल्यावरच त्यांनी सरकी टोबली. दीड महिन्यानं एकरी दोन कामगंध सापळे लावले. त्यात मादीच्या वासाची गोळी असते आणि त्या वासानं नर पतंग येतात. तरणा रोज सकाळी पतंग मोजायचा. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी झालेली डोमकळी दिसली, की तोडून आतल्या अळीसकट नष्ट करायचा. त्याच्याजवळ दोनच फवारण्यांचे पैसे होते. सापळ्यात एकदोन पतंग दिसले तेव्हा त्यानं पंपाला हात लावला नाही. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तेव्हाच तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याची दिशा पाहून त्यानं फवारलं. अंड्यातून निघालेली अळी अजून बोंडात शिरायची होती.

अळी त्या वर्षीही आली. पण कवडी, म्हणजे किडका कापूस, थोडी निघाली आणि पांढरा कापूस घरात आला. हसणाऱ्यांपैकी दोघांनी पुढच्या डिसेंबरात आपली पऱ्हाटी उपटली.

१९६० च्या सुमारास रुडॉल्फ काल्मान या गणितज्ञानं हात पोचण्याचा हाच प्रश्न यंत्रांबद्दल नेमका मांडला: हाती असलेल्या मोजक्या बटणांचा परिणाम आतल्या प्रत्येक भागापर्यंत पोचतो का? पोचत नसेल, तर कितीही जोर लावला तरी तो भाग आपल्या ताब्यात येत नाही. शेत काय, घर काय, गाव काय, आपल्या हाती बटणं थोडीच असतात. जोर वाढवण्याआधी आपला हात कुठवर पोचतो ते पाहावं, जिथे पोचतो तिथे वेळेवर धरावं, आणि जिथे एकट्याचा पोचत नाही तिथे शेजाऱ्याला सोबत घ्यावं.