'हाड वाढलंय' आणि आपला होकार

आमच्या शहाद्यात, आणि बहुधा तुमच्याही गावात, कोणाच्या नाकाचा पडदा वाकडा नसतो. सगळ्यांचं 'हाड वाढलेलं' असतं. डॉक्टर तसं म्हणतात, पेशंट तसं म्हणतो, मेडिकलवाला तर नाक न बघताच म्हणतो. खरं तर बहुतेक वेळा वाढलेलं काही नसतं. दोन नाकपुड्यांमधला कूर्चेचा आणि हाडाचा पडदा एका बाजूला झुकलेला असतो. आपल्यापैकी अनेकांचा तो थोडाफार झुकलेला असतोच आणि आपल्याला पत्ताही नसतो. पण 'वाढलंय' या शब्दात उपाय आधीच आलेला आहे : वाढलेलं कापायचं, नखासारखं. 'वाकडं आहे' म्हटलं तर माणूस विचारेल, किती वाकडं? सरळ करताना काय होऊ शकतं? म्हणजे धोका सांगायचा की नाही हे सहीच्या वेळी ठरत नाही, पहिल्या शब्दातच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

काय होऊ शकतं? रक्तस्राव, पडद्यात रक्त साकळणं, जंतुसंसर्ग. वरच्या पुढच्या दातांना बधिरपणा, बहुधा तात्पुरता. पडद्याला भोक पडणं, मग श्वास घेताना शिट्टी वाजते आणि खपल्या धरतात. वास कमी येणं. क्वचित नाकाचा आकार बदलणं. यातलं बरंचसं थोड्याच लोकांना होतं. पण सगळ्यात साधी गोष्ट वेगळीच आहे : ऑपरेशन नीट होऊनही नाक चोंदलेलंच राहू शकतं. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर दिवसभर काम करणाऱ्या बाईच्या शिंका पडदा सरळ करून थांबणार नाहीत. ॲलर्जी पडद्यात नसते.

माझे मामा शहाद्याजवळ पपई लावतात. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात त्यांना ऑपरेशन सुचवलं गेलं आणि तीन पानी इंग्रजी फॉर्म हातात आला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. मामा अहिराणी बोलतात, मराठी वाचतात, इंग्रजीत खताच्या गोणीवरचे आकडे तेवढे ओळखतात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा प्रकार मला चांगलाच ओळखीचा वाटला. 'आय ॲग्री'चं बटण आम्हीही असंच बनवतो, वाचायला नाही, दाबायला. पण ॲप नको झालं तर काढून टाकता येतं.

यावर कायदा काय म्हणतो? जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचं गर्भाशय आणि बीजकोश, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन, काढून टाकले होते. न्यायालय म्हणालं, संमती रुग्णाचीच हवी आणि तीही माहिती मिळाल्यानंतरची : उपचार काय, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाकारलं तर काय होईल. मात्र दूरचे, कागदोपत्री धोके सांगायची गरज नाही, कारण घाबरून रुग्ण आवश्यक उपचारच नाकारेल. आपल्याकडची गरिबी, दवाखान्यांतली गर्दी हेही न्यायालयाने लक्षात घेतलं.

मला हा युक्तिवाद अर्धा पटतो. अपेंडिक्स फुटायला आलंय आणि डॉक्टर भुलेचे दुर्मीळ धोके वाचत बसलेत, हे क्रूरच होईल. पण त्या वाक्यातला 'आवश्यक' हा शब्द पुन्हा वाचा. वाकड्या पडद्याने सहसा कोणी मरत नाही. त्रास होतो, रात्री तोंड कोरडं पडतं, झोप मोडते, पण त्यासह जगता येतं. अशा ऑपरेशनला 'नको' म्हणणं म्हणजे रुग्ण चुकला असं होत नाही, तेही एक बरोबर उत्तरच असतं. मग घाबरून नाही म्हणेल म्हणून न सांगणं, हे कोणाच्या भल्यासाठी? न्यायालयाला ही दुसरी बाजूही दिसली होती. उपचार नाकारल्याचे दूरचे धोके सांगून माणसाला अनावश्यक उपचारांकडे ढकलू नये, असंही त्याच निकालात आहे. ते वाक्य क्वचितच कोणाच्या तोंडी ऐकू येतं.

डॉक्टर असलेला माझा एक मित्र यावर चिडतो. सगळं सांगितलं तर ज्यांना खरंच फायदा झाला असता तेही पळून जातील, म्हणतो. त्याचं म्हणणं हलकं नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ३७८ प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, फवारे वापरणाऱ्यांपेक्षा ऑपरेशन झालेल्यांचा त्रास सरासरीने बराच कमी होता. हे मी मामांनाही सांगितलं, आणि 'सरासरीने' म्हणजे काय तेही. पपईच्या सरासरी भावाने आपलं पीक विकलं जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

शिवाय मित्र एक गोष्ट विसरतो. मामा स्वतःच म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं." हा अडाणीपणा नाही, विश्वास आहे. कुणाला धोके ऐकायचेच नसतील तर तो त्याचा हक्क आहे, असं मला वाटतं. मात्र ऐकायचं नाही हे ठरवायलाही, ऐकण्यासारखं काही आहे एवढं तरी कळायला हवं.

पुढच्या भेटीत मामांनी एकच प्रश्न विचारला : नाहीच केलं तर काय होईल? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तसं काही नाही," ते म्हणाले, "आत्ता आहे तसंच राहील. फवारा सुरू ठेवा, नाक मिठाच्या पाण्याने धूत जा, त्रास वाढला तर या." मग पाच मिनिटं ते मराठीत बोलले, आणि पडद्याला भोक पडू शकतं हेही त्यात आलं. फॉर्म अजून मामांच्या कपाटात आहे, पेन्सिलीच्या फुल्यांसकट. पपईची तोड संपली की बघू, म्हणतात.