दाखल्यावरचा आकडा



जून जवळ आला की पॅरिश ऑफिसात येणाऱ्यांच्या हातात एक कागद हमखास दिसतो: उत्पन्नाचा दाखला. मागे अशाच एक भगिनी आल्या. पती रिक्षा चालवतात, त्या स्वतः दोन घरची धुणीभांडी करतात. दोघांचे मिळून महिन्याला तेरा-चौदा हजार होतात, घरात दोन मुले. अर्ज भरून देणाऱ्याने त्यांना सांगितले, "55 हजार लिहा, सगळे तेवढेच लिहितात." त्यांनी सही केली आणि मग मनाला लागले म्हणून आमच्याकडे आल्या. "फादर, हे खोटं बोलणं झालं का? खरं लिहिलं तर धान्य जातं."

आम्हांला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही.

55 हजारच का, हे आधी पाहू. अन्नसुरक्षा कायदा 2013 साली आला. त्याच डिसेंबरात आपल्या राज्य सरकारने ठरवले की केशरी कार्डवाल्यांपैकी शहरात वर्षाला 59 हजारांपर्यंत आणि गावात 44 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 'प्राधान्य कुटुंब' धरावे. कार्डावर तो शिक्का असेल तर माणशी पाच किलो धान्य मिळते, आणि 2023 पासून तेही मोफत. शिक्का नसेल तर केशरी कार्ड असून नसल्यासारखे. 59 हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांनाही थोडे कमी. त्यानंतर दहा वर्षे उलटली, तेल-गॅसचे भाव कुठे गेले, तरी हा आकडा जागचा हलला नव्हता. आपल्याच जिल्ह्यातल्या वाडा-जव्हारकडचे पाहा. 2024-25 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. त्या दराने एका माणसाने वर्षात 149 दिवस काम केले की त्याचे घर 44 हजारांच्या वर जाते. बाकीचे 216 दिवस त्याने घरी बसावे, अशीच सरकारची अपेक्षा असावी!

गंमत अशी की खिडकी बदलली की गरिबीही बदलते. शाळेतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी दुर्बल घटकाची मर्यादा एक लाख. 2024 मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत अडीच लाख. सेमिनरीत आम्हांला धान्याच्या ढिगाचे जुने ग्रीक कोडे शिकवीत: एकेक दाणा काढत गेलो तर ढीग नेमका कोणत्या दाण्याला ढीग राहत नाही? तेव्हा आम्हांला तो रिकामटेकड्यांचा खेळ वाटे. आता रेशनच्या रांगेत तेच कोडे उभे आहे. 59 हजारांना गरीब आणि 59 हजार एक रुपयाला नाही.

तरीही कुठेतरी रेषा ओढावी लागते, हे मान्य केले पाहिजे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली तेव्हा तिच्याकडे कोणी दाखला मागितला नाही. पण ते गाव लहान होते, कोण कोणाची सून हे सर्वांना ठाऊक होते. लाखोंच्या वस्तीत ते जमत नाही.

मग त्या भगिनीचे काय? संत ऑगस्टीनच्या मते कोणाचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये. संत थॉमस अक्वायनस सांगतात की जिवावरच बेतले असता दुसऱ्याची भाकर घेणे ही चोरी ठरत नाही. आमच्या या भगिनी उपाशी नाहीत, सुखातही नाहीत. महिन्याचे वीस किलो धान्य बाजारातून आणायचे तर मुलाची ट्यूशन बंद करावी लागेल. या मधल्या माणसाबद्दल जुन्या ग्रंथांत आम्हांला फारसे सापडले नाही. संत थॉमस असेही म्हणतात की कायद्याचे शब्द पाळताना कायद्याचा हेतूच मोडत असेल तर हेतू पाहावा. हेतू पाहिला तर ते धान्य अशाच घरांसाठी असायला हवे. पण म्हणून खोट्या आकड्याखाली सही करायची मुभा त्यातून मिळत नाही.

आमचे मन शेवटी दोन गोष्टींपाशी थांबले. पहिली इष्टांकाची. महाराष्ट्रात या कायद्याखाली सुमारे सात कोटी माणसांनाच धान्य मिळते, आणि ही संख्या 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे. "इष्टांक संपला" हे शब्द आपल्यापैकी कित्येकांनी ऐकले असतील. म्हणजे एक नाव आत गेले की कोणीतरी बाहेर राहते, आणि बाहेरचा माणूस आपल्याहून गरीब असू शकतो. दुसरी गोष्ट अशी की सगळ्यांनीच 55 हजार लिहिले तर सरकारदरबारी मर्यादेच्या जरा वर कोणी राहतच नाही. मग मर्यादा वाढवायची कोणासाठी? जी रेषा आपल्याला छळते तिलाच आपला खोटा आकडा आधार देतो.

हे लिहिताना आमचा हात अडखळतो. काही वर्षांपूर्वी फी-सवलतीसाठी एका कुटुंबाला 'अत्यंत गरीब' असे पत्र आम्हीच लिहून दिले. ते तसे नव्हते, हे आम्हांला माहीत होते. ओळखीपुढे नाही म्हणवले नाही. सवलती मोजक्याच होत्या. त्या वर्षी ज्या मुलीला मिळाली नाही तिचे घर आम्ही नंतर पाहिले. शिवाय आम्हांला जेवण ताटात वाढून मिळते. दुसऱ्याला "खरे लिहा" म्हणून सांगायला आमचे काही जात नाही.

म्हणून त्या भगिनीला आम्ही एवढेच म्हणालो, "तुम्ही खरा आकडा लिहा, पण धान्य बंद झाले तर ते एकट्या तुमच्या डोक्यावर पडता कामा नये." खरे लिहिल्यामुळे ज्यांचे धान्य जाईल, त्यांच्या घरी पहिले सहा महिने पॅरिशने धान्य पोहोचवावे, आणि ज्यांची तयारी असेल त्यांचे खरे उत्पन्न मांडून मर्यादा वाढवण्याचा अर्ज आमदारांकडे न्यावा, असे आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे ठेवणार आहोत. बैठक पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये आहे. त्या भगिनी अजून काही बोललेल्या नाहीत. दाखला त्यांच्या पिशवीतच आहे.

आपला धर्मगुरू