फियाटचे ड्रम आणि प्रमादाचा प्रश्न

आमच्या आप्पांची फियाट १९७३ची. कागदोपत्री ती प्रीमियर प्रेसिडेंट, पण सांगलीत तिला फियाटशिवाय दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. गिअर स्टिअरिंगपाशी, इंजिन १०८९ सीसीचं आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवावी का, यावरून आमच्या घरात सध्या वाद चाललाय. घर जैनांचं, त्यामुळे वाद गॅरेजमध्ये सुरू झाला तरी मुक्कामाला तत्त्वार्थसूत्रापाशी येतो.

धाकटा भाऊ म्हणतो, "अक्का, आज ब्रेक बदलशील, उद्या कार्ब्युरेटर, परवा सीटा. मग आप्पांची गाडी राहिली कुठं?" भाच्याला डिस्क हवीच आहे. मी दोघांच्या मधे.

भावाच्या प्रश्नाला समंतभद्राचार्यांनी आप्तमीमांसेत कधीच उत्तर देऊन ठेवलंय. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता त्याला दुःख झालं, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद झाला, आणि ज्याला सोनंच हवं होतं तो होता तसाच राहिला. घटना एक, आणि तिघांच्याही मनाला आधार खराच. जे आहे ते उपजतं, नाश पावतं आणि टिकतंही, असं सत्‌चं तिहेरी लक्षण उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात सांगितलं, ते हेच. या गाडीचे टायर, लायनर, क्लचप्लेट आप्पांच्या हयातीतच कितीदा बदलले. रंगही त्यांनीच बदलून घेतला. पर्याय, म्हणजे रूपं, बदलत आले, गाडी तीच राहिली.

आणि 'ओरिजिनल' म्हणजे तरी काय? इटलीत फियाटनं १९६६ साली ११०० आर काढली, तिला पुढे डिस्क ब्रेक होते. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये मात्र जुनी ११०० डी बनत राहिली. आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, अशी नावं बदलत गेली. परवान्यांच्या काळात गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं, बदलायची घाई कुणाला? प्रीमियर उभी करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, आपल्याच समाजातले, याचा आप्पांना फार अभिमान होता. तो मलाही आहे. पण ड्रम हे त्या बाजाराच्या परिस्थितीचं फळ आहे, गाडीचा आत्मा नव्हे. त्याला कवटाळून बसणं ही मूर्च्छा, म्हणजे आसक्ती झाली, आणि मूर्च्छेलाच उमास्वामी परिग्रह म्हणतात.

म्हणून गाडी तीच राहते का, हा प्रश्न माझ्यापुरता मिटला. झोप उडवणारा प्रश्न वेगळा आहे. प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून घडणारा प्राणघात म्हणजे हिंसा, अशी तत्त्वार्थसूत्राची व्याख्या. अमृतचंद्राचार्य त्याच्याही पुढे जातात: बेसावध माणसाच्या हातून एकही जीव गेला नाही तरी हिंसा घडलेलीच आहे. म्हणजे 'इतकी वर्षं काही झालं नाही' ही सबब आमच्या शास्त्रात चालत नाही. ड्रम तसेच ठेवणं हा प्रमाद आहे का?

मिस्त्रीनं पुढचं चाक काढून ड्रम उतरवला तेव्हा मी शेजारीच उभी होते. आत काळी भुकटी, दोन अर्धगोल शू, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, आणि व्हील सिलिंडरच्या रबराखाली ब्रेक ऑइलचा ओलसर डाग. रचना खरोखर हुशारीची आहे. फिरता ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो, शू आणखी घट्ट रुततो, म्हणून बूस्टरशिवाय हलक्या पायानंही ब्रेक लागतो. पण आंबा घाट उतरताना ब्रेक तापत जातो. ड्रम फुगून शूपासून लांब सरकतो, तापलेल्या लायनरची पकड सुटते आणि पेडल खोल जाऊ लागतं. डिस्क उघड्या वाऱ्यावर असते, लवकर निवते. आणि ती तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनंच होते. शिवाय आमच्या गाडीत ब्रेक ऑइलचा मार्ग एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

भाऊ म्हणतो, "हळू चालवावी. आप्पा दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरायचे." त्याचं बोलणं हलकं नाही. ईर्यासमिती हीच तर आहे: मुनी चार हात जमीन निरखत पाऊल टाकतात. पण मुनींच्या डोळ्याला मुंगी दिसली की त्यांचं पाऊल तिथंच थांबतं. गाडीत बघणं आणि थांबणं यांच्यामधे रस्त्याचा मोठा तुकडा असतो, आणि त्या तुकड्यावर दुसरं कुणीतरी चालत असतं. १९७३च्या सांगलीत तिथं बैलगाडी असायची. आज विश्रामबागेतून दप्तर घेतलेलं पोर रस्ता ओलांडतं, ते आजच्या गाड्या किती अंतरात थांबतात या अंदाजानं. माझ्या गाडीचं वय बघून ते पाऊल उचलत नाही. हौस माझी, जोखीम त्याची, हा हिशेब मला मान्य नाही.

मात्र डिस्क लावली म्हणजे प्रमाद संपला, असंही नाही. दुसऱ्याच गाडीचे कॅलिपर, लेथवर कातलेली पट्टी, चाक धरणाऱ्या जुन्या नकलवर वेल्डिंग, हे तर धडधडीत पाप. डिस्कला शूसारखी आपोआप पकड नसते, म्हणून दाब जास्त लागतो. बूस्टर किंवा योग्य मापाचा मास्टर सिलिंडर नसेल तर पेडल दगडासारखं होतं. पुढचा-मागचा तोल चुकला तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते.

मिस्त्रीला मी माझं म्हणणं स्पष्ट सांगितलंय. पुढे डिस्क, मागे ड्रमच. मास्टर सिलिंडर दुहेरी मार्गाचा, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी राहील. नळ्या सगळ्या नव्या. नकलवर वेल्डिंग नाही, सगळं बोल्टांवर. उतरवलेले ड्रम तेल लावून भाऊ त्याच्याकडे ठेवणार आहे, उद्या कुणाला परत चढवावेसे वाटले तर चढवता यावेत. आधी रिकाम्या गाडीनं मोकळ्या रस्त्यावर चाचणी, मग कुंभोजच्या बाहुबलीपर्यंत, आणि घाट सगळ्यात शेवटी. भाच्यालाही बजावलंय: डिस्क लागली तरी आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा.